भाड्याच्या खोलीतली डिश: खारघरला घडीच्या स्टँडवर लावलेल्या फ्री डिशचा अनुभव

परगावी दोन-चार महिने खोली करून राहायचं असेल आणि सोबत घरातलं वयस्कर माणूस असेल, तर घडीच्या स्टँडवर बसणारी डीडी फ्री डिश जरूर घ्या, असं मी अगदी मनापासून सांगेन. भिंतीला भोक पाडावं लागत नाही, महिन्याचा रिचार्ज नाही, खोली बदलली की सगळं उचलून रिक्षात टाकता येतं. मात्र संचातली प्रत्येक वस्तू सारखी चांगली नाही. डिश आणि बॉक्स उत्तम, स्टँड ठीक पण वजन बांधल्याशिवाय बिनकामाचा, मीटर निम्म्या कामाचा आणि सोबत मिळालेली खिडकीची चपटी वायर टाकाऊ. सविस्तर लिहिते, कारण घेण्याआधी असं कुणीतरी सांगायला हवं होतं असं मला फार वाटलं.

आम्ही सांगोला तालुक्यातले. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, डाळिंबाची बाग आहे आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. अण्णांचे कॅन्सरचे उपचार खारघरच्या टाटामध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक या केंद्रात चालू आहेत. रेडिएशन सोमवार ते शुक्रवार रोज असतं, पण प्रत्यक्ष मशिनखाली काही मिनिटंच. बाकीचा अख्खा दिवस खोलीत. कोपरा गावातल्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर आम्ही खोली घेतली. दोन कॉट, गॅस, पंखा आणि एक खिडकी. घरी अण्णा पहाटे बागेत असतात आणि संध्याकाळी बातम्यांसमोर. इथं बागही नाही आणि बातम्याही नाहीत, त्यामुळे दुपारी चारनंतर ते नुसते छताकडे बघत पडायचे. मोबाइलवर लावून दिलं तर अक्षरं दिसत नाहीत, डोकं दुखतं म्हणायचे. शिवाय फोन एकच. त्यावर हॉस्पिटलचे फोन, घरचे फोन, आणि बागेला पाणी सोडणाऱ्या माणसाचे फोन. तो बातम्यांना देऊन कसं चालेल?

घरचा २४ इंची टीव्ही भावानं गाडीतून आणून दिला. आता त्यावर काय दिसणार हा प्रश्न होता. केबलवाल्यानं अनामत रक्कम मागितली आणि किमान मुदतही घातली. घरी खासगी कंपनीची डिश आहे, पण ती इकडं आणायची म्हणजे पत्ता बदलून कळवा, त्यांच्या माणसाची वाट बघा, तो भिंतीत खिळे ठोकणार, आणि निघताना पुन्हा तेच सगळं. घरमालकीण काकूंनी आधीच बजावलं होतं, “भिंतीला भोक नको हां. बाकी गच्ची तुमचीच.” त्या गच्चीनं सगळं काम केलं.

फ्री डिश ही प्रसार भारतीची सेवा. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झाली आणि तेव्हापासून तिला महिन्याचं शुल्क नाही. एकदा डिश आणि बॉक्स घेतला की झालं. सह्याद्री आहे, डीडी किसान आहे, डीडी स्पोर्ट्स आहे, काही खासगी मराठी चॅनलही आहेत. खासगी चॅनल लिलावातून जागा घेतात, त्यामुळे साधारण एप्रिलच्या सुमारास काही जातात, काही नवे येतात, आणि बॉक्सवर पुन्हा स्कॅन मारावं लागतं. ज्यांना ठरावीक मालिकाच बघायच्या आहेत त्यांनी हे लक्षात घेऊनच घ्यावं. अण्णांना बातम्या, हवामान आणि शेतीचं हवं होतं. तेवढ्यासाठी यापेक्षा स्वस्त आणि भरवशाचं मला तरी काही सापडलं नाही.

संच पनवेलच्या बाजारातल्या एका छोट्या दुकानातून घेतला. ६० सेंटिमीटरची पत्र्याची डिश, एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावर बसणारं, सिग्नल पकडून वायरीत सोडणारं छोटं यंत्र), एमपीईजी-४ चा, म्हणजे नव्या पद्धतीचा, सेट-टॉप बॉक्स, दहा मीटर वायर, तीन पायांचा घडीचा लोखंडी स्टँड, आणि वेगळे पैसे देऊन सिग्नल शोधायचा काट्याचा छोटा मीटर. सगळं मिळून अडीच हजारांच्या आत बसलं. काउंटरवरच्या मुलानं डिशच्या मागचा क्लॅम्प उघडून पुन्हा बसवून दाखवला, कुठला बोल्ट उंचीचा आणि कुठला दिशेचा ते नीट समजावलं, वायरच्या दोन्ही टोकांना कनेक्टर दाबून दिले. या दहा मिनिटांसाठी मी त्या दुकानाला पूर्ण मार्क देते. बॉक्स घेताना एमपीईजी-४ चाच मागा. जुने एमपीईजी-२ चे बॉक्स शे-दोनशे रुपयांनी स्वस्त म्हणून पुढं करतात, पण त्यांच्यावर काही चॅनल दिसतच नाहीत. बिल मात्र मला दोनदा मागावं लागलं. बॉक्सला वॉरंटी असते, ती बिलावरच मिळते, तेव्हा मागायला लाजू नका. लावून द्यायला माणूस खारघरला पाठवायचे त्यांनी वेगळे पैसे सांगितले. ते मी नाकारले आणि त्यात काहीही अडलं नाही.

आता स्टँडविषयी, कारण परगावच्या डिशचं खरं मर्म तिथं आहे. घरच्या भिंतीवर डिश एकदा ठोकली की वर्षानुवर्षं हलत नाही. घडीच्या स्टँडला तो आधार नसतो. साठ सेंटिमीटरची डिश शिडासारखा वारा धरते, आणि खारघरला डोंगराकडून वारं सुटलं की गच्चीवरच्या चादरी दोरीवरून निघून जातात. उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, त्यामुळे डिश एक-दोन अंशांनी जरी फिरली तरी चित्र गेलंच. संचातला स्टँड नळीचा, हलका, पाय पसरले की साधारण हातभर रुंद. नुसता ठेवला तर पहिल्याच झुळकेला कलंडेल असा. त्याच्या मधल्या दांड्याला खाली एक कडी आहे. त्या कडीला मी वीस लिटरचा पाण्याचा कॅन नायलॉनच्या दोरीनं टांगला. वीस लिटर म्हणजे वीस किलो, आणि ते बरोबर तिन्ही पायांच्या मध्ये, खालच्या बाजूला. कॅन जमिनीला जेमतेम टेकेल इतकीच दोरी ठेवायची, म्हणजे तो वाऱ्यात झुलत नाही. शिवाय प्रत्येक पायावर दोन-दोन विटा. ही व्यवस्था केल्यावर जोराचं वारं येऊन गेलं तरी डिश जागची हलली नाही. आणि जागा सोडताना काय, पाणी झाडाला ओतायचं, कॅन रिकामा. वाळूची पोती वाहायला नकोत.

विकत घेताना स्टँडला ती कडी आहे का एवढं जरूर बघा. नसेल तर घेऊ नका. आणि कठड्यावर स्टँड कधीही ठेवू नका, कितीही मोकळं आकाश दिसत असलं तरी. खाली माणसं चालत असतात.

दुसरी गोष्ट दांडा सरळ उभा असणं. गच्चीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, डोळ्यांना कळत नाही, पण दांडा कलतो आणि मग क्लॅम्पवरच्या अंशांच्या खुणांना अर्थ राहत नाही. गवंडी ओळंबा धरतात तसा मी दोऱ्याला नट बांधून दांड्याशेजारी धरला, एकदा समोरून आणि एकदा बाजूनं. ज्या पायाखाली कमी पडत होतं तिथं फरशीचा तुकडा सरकवला. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढचा तासभर वाचतो.

मग दिशा. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे. तो ११ नोव्हेंबर २०१५ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियन-५ रॉकेटनं गेला आणि ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या बरोबर वर उभा आहे. खारघर साधारण ७३ अंश रेखांशावर आणि १९ अंश अक्षांशावर. म्हणजे उपग्रह आपल्या आग्नेयेला. गणित केलं तर उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं १३१ अंश आणि क्षितिजापासून वर सुमारे ५८ अंश. ठाणे, ऐरोली, पनवेल, कुठंही असा, हाच आकडा धरला तरी चालेल, फरक अंशभराच्याही आतला आहे. सांगोल्याला हाच हिशोब १३२ आणि ६१ च्या आसपास येतो. मुलांना अक्षांश-रेखांश शिकवताना “याचा उपयोग काय, बाई?” असं विचारतात. यापुढं मी त्यांना डिश लावायला गच्चीवर नेणार आहे.

फोनमधलं होकायंत्र पुरतं. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत नगण्य फरक आहे, त्यामुळे आकडा जसाच्या तसा वापरायचा. फक्त फोन स्टँडजवळ धरायचा नाही, लोखंडामुळे सुई भलतीकडं जाते. गच्चीच्या पाण्याच्या टाकीजवळ आणि सळ्या बाहेर आलेल्या खांबांजवळसुद्धा नाही. मी चार पावलं मागं, मोकळ्या जागी उभी राहिले, १३१ अंशांवर दूरच्या एका इमारतीवरची निळी टाकी हेरली, आणि मग डिशचा हात, म्हणजे एलएनबीचा दांडा, त्या टाकीच्या रेषेत आणला. खूण दूरची घ्यावी, जवळची घेतली की दोन पावलं सरकल्यावर रेषा बदलते.

समोर इमारत आहे म्हणून सिग्नल येणार नाही असं बरेच जण धरून बसतात, आणि खारघरसारख्या ठिकाणी तर चारी बाजूंना इमारती. पण उपग्रह ५८ अंशांवर, म्हणजे चांगला डोक्याकडं आहे. ढोबळ नियम असा: समोरची इमारत डिशपासून जितक्या मीटरवर असेल, त्याच्या दीडपटीपेक्षा ती डिशच्या वर गेलेली नसेल, तर अडथळा नाही. दहा मीटर लांबच्या इमारतीनं डिशच्या वर पंधरा मीटर, म्हणजे जवळपास पाच मजले, डोकं काढलं तरी चालतं. खारघरचा डोंगर तर आड येतच नाही. आड येतात ती झाडं. ओल्या पानांतून सिग्नल जात नाही. आंब्याची एक फांदी आग्नेयेला झुकलेली असेल तर दुसरा कोपरा शोधा.

डिश बघून आणखी एक गोंधळ होतो. ती आकाशात ५८ अंशांवर बघते आहे असं वाटतच नाही, बरीच उभी वाटते. कारण या डिशचा एलएनबी मधोमध नसतो, खालच्या बाजूच्या दांड्यावर असतो, आणि तबकडी दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वरचा सिग्नल पकडते. म्हणून डोळ्यांच्या अंदाजानं तबकडी आभाळाकडं उताणी करू नका. क्लॅम्पवरच्या खुणेवर ५८ लावा, दहा नंबरच्या पान्यानं बोल्ट अर्धवट आवळा, आणि तिथून शोधायला लागा.

मीटरनं इथं निम्मं काम केलं. तो एलएनबी आणि बॉक्सच्या मध्ये जोडायचा, डिश हळूहळू फिरवायची, सिग्नल आला की काटा चढतो आणि शिट्टी वाजते. वाजली, पण कुठल्या उपग्रहावर वाजली हे त्याला कळत नाही. आपल्या आकाशात उपग्रह ओळीनं उभे आहेत: टाटा प्ले ८३ अंशांवर, डीटूएच ८८ वर, आपली फ्री डिश ९३.५ वर, डिश टीव्ही ९५ वर, एअरटेल १०८.२ वर. ९३.५ आणि ९५ यांच्यात फक्त दीड अंश. साठ सेंटिमीटरच्या डिशला हे दोघं जवळजवळ एकत्रच दिसतात, मीटर दोघांनाही सारखीच शिट्टी देतो. म्हणून साडेतीनशे रुपये खर्च करायचे की नाही हे तुम्ही ठरवा. एकटं माणूस असेल तर ‘काहीतरी सापडलं’ एवढं कळायला तो बरा. कुणी टीव्हीसमोर बसणारं असेल तर गरज नाही.

खरा निर्णय बॉक्स देतो. त्याच्या मेनूत जाऊन एलएनबी युनिव्हर्सल, ९७५०/१०६०० असा ठेवायचा, उपग्रह जीसॅट-१५ निवडायचा, आणि ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा एक प्रक्षेपक) ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० असा घ्यायचा. पडद्यावर दोन पट्ट्या येतात. वरची सिग्नलच्या जोराची. ती डिश भलतीकडं असली तरी बरीच भरलेली दिसते, तिच्याकडं बघायचं नाही. खालची क्वालिटीची, ती शून्यावरून हलली की तुम्ही योग्य उपग्रहावर आलात.

मी गच्चीवर, अण्णा खोलीत टीव्हीसमोर, आणि मध्ये फोन. काकूंचा फोन मागून घेतला होता. अण्णांना सांगितलं, खालच्या पट्टीचा आकडा मोठ्यानं वाचत राहायचं, दुसरं काही बोलायचं नाही. आकडा बॉक्समधून पडद्यावर यायला दोन-तीन सेकंद लागतात, म्हणून डिश बोटभर सरकवायची, थांबायचं, आकडा ऐकायचा, मग पुन्हा बोटभर. “शून्य… शून्य… शून्य… अठ्ठावीस! अगं थांब, थांब, गेलं.” मागं घेतलं. “तीस. एकतीस. तीस.” दिशा मिळाली होती. मग उंचीचा बोल्ट ढिला करून तबकडी केसभर वर. “चाळीस… अठ्ठेचाळीस… एकावन्न… आता उतरतंय बघ.” सकाळच्या रेडिएशननं गळून गेलेला माणूस तो, पण आवाज बागेत मजुरांना सूचना देताना असतो तसा खणखणीत झाला होता. उठून बसले होते, हे मला नंतर काकूंनी सांगितलं.

एकावन्नावरून पुढं जायला एलएनबी फिरवावा लागतो, आणि हे बहुतेक जण करत नाहीत. एलएनबी त्याच्या कडीत नुसता सरळ बसवतात. पण उपग्रह आपल्या बराच पूर्वेला असल्यामुळे त्याच्या लहरी इथं कललेल्या येतात, खारघरला जवळपास ४५ अंशांनी. सरळ ठेवलेल्या एलएनबीला आडव्या आणि उभ्या लहरींची सरमिसळ मिळते आणि काही चॅनल दिसतात, काही अडखळतात. कडीचा स्क्रू ढिला करून एलएनबी हळूहळू वळवा, टीव्हीसमोरचा माणूस आकडा वाचतोच आहे. आकडा चढतो ती बाजू बरोबर. आमचा बहात्तरवर गेला. तिथं सगळे बोल्ट आळीपाळीनं थोडे-थोडे आवळले. एकच बोल्ट एकदम आवळला की डिश त्या बाजूला ओढली जाते. शेवटी स्कॅन. सह्याद्री लागली तेव्हा अण्णांनी आवाज इतका वाढवला की शेजारच्या खोलीतून दादा बघायला आले.

ते आणि वहिनी जळगावकडचे. वहिनींचे उपचार चालू आहेत. त्यांच्याकडं काकूंनीच दिलेला जुना टीव्ही होता, पण त्यावर दाखवायला काही नव्हतं. त्यांच्यासाठी दुसरी डिश घ्यायची गरज पडली नाही. दोन आउटचा एलएनबी मिळतो, दोन्ही वायरींवर वेगवेगळा बॉक्स, ज्यानं त्यानं आपलं चॅनल बघावं. दादांनी फक्त एलएनबी, बॉक्स आणि वायर आणली. रुग्णांच्या नातेवाइकांना खोल्या देणाऱ्या इमारतींत मालकांनीच गच्चीवर एक डिश आणि चार आउटचा एलएनबी लावून ठेवला तर किती जणांची सोय होईल. काकूंना मी हे सांगितलं आहे आणि त्यांनी मनावर घेतलंय.

वायरीबद्दल तक्रार आहे. खिडकीच्या फटीतून आत यायला संचासोबत हातभर लांबीची चपटी वायर होती, खिडकी बंद करता यावी म्हणून. ती जोडली की क्वालिटी बहात्तरवरून पन्नाशीच्या खाली यायची, आणि सरकती खिडकी तिच्यावर दाबली की चित्राचे चौकोन पडायचे. काढून टाकली. साधी आरजी-६ वायर खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून घेतली आणि फटीत डास येऊ नयेत म्हणून स्पंजचा तुकडा कोंबला. दहा मीटर वायरही वरच्या मजल्यावर आहोत म्हणून पुरली. दोन मजले खाली असाल तर वीस मीटर एकसंध मागा. मध्ये जोड देऊ नका, जोडाच्या जागी पाणी शिरतं.

आणि पाणी इथलं मोठं प्रकरण आहे. आमच्याकडं सांगोल्याला पावसाची वाट बघण्यात जन्म जातो. इथं तो थांबायची वाट बघावी लागते. धो-धो सर आली की चित्र जातं. सर ओसरली की पाच-दहा मिनिटांत आपोआप परत येतं. हा डिशचा दोष नाही, या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. अशा वेळी गच्चीवर धावून डिश हलवायची नाही, नाहीतर पाऊस थांबल्यावरही चित्र येणार नाही. रिमझिम पावसात आमचं काही अडलं नाही, कारण क्वालिटी बहात्तरवर नेऊन ठेवलेली होती. पन्नासवर समाधान मानलं असतं तर भुरभुर पावसातही गेलं असतं. एलएनबीला वायर जोडलेली असते तिथं रबरी टोपी चढवून वरून पीव्हीसी टेप गुंडाळा, आणि वायर खोलीत शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी वायरीवरून आत न येता झोळाच्या टोकावरून गळतं. विजा कडाडायला लागल्या की वायर बॉक्समधून काढून ठेवायची. आणखी एक: मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं चित्र अडखळलं तर घाबरू नका. त्या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येतो.

पुढं आम्हाला खोली बदलावी लागली, अण्णांना जिने चढवेनात म्हणून. ओवे गावाकडं तळमजला मिळाला, गच्चीवर जाता येत नाही, खिडकी पश्चिमेला. पण दारासमोर अंगण होतं. अंगणाच्या एका कोपऱ्यातून आग्नेयेला मोकळी जागा दिसत होती, दीडपटीचा नियम लावून बघितला आणि बसला. तबकडी क्लॅम्पपासून सुटी केली नाही, क्लॅम्पसकट तशीच रिक्षात मांडीवर घेतली, म्हणजे उंचीचे ५८ अंश आणि एलएनबीचा कल जसाच्या तसा राहिला. नव्या जागी फक्त ओळंबा आणि दिशा. कॅन भरून टांगेपर्यंत अण्णांनी टीव्हीची पिन लावून पट्टीसमोर खुर्ची ओढली होती. हा या संचाचा सगळ्यात मोठा गुण आहे: पहिल्यांदा वेळ लागतो, नंतर नाही. फक्त स्टँडच्या घडीच्या जागी असलेले पितळी रंगाचे बोल्ट खाऱ्या हवेनं महिन्याभरात गंजायला लागले. त्यांना ग्रीस लावा, किंवा घेतानाच स्टीलचे बदलून घ्या. दहा-वीस रुपयांचा प्रश्न आहे, दुकानदारानंच चांगले द्यायला हवेत.

डीडी स्पोर्ट्सचं थोडं सांगते, कारण दादांनी हा बॉक्स मुख्यतः क्रिकेटसाठी घेतला. २००७ च्या कायद्यानं महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर ते दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दाखवता येतं, खासगी डिशवरच्या दूरदर्शनवर नाही. त्यामुळे भारताचे बरेच सामने इथं फुकट मिळतात. सगळे नाहीत. आयपीएलच्या आशेवर हा बॉक्स घेऊ नका.

कुणी घेऊ नये? ज्यांची खिडकी आणि अंगण दोन्ही पश्चिमेला-उत्तरेला आहेत आणि गच्चीला मालक कुलूप लावतो, त्यांनी. आधी खोली बघतानाच मालकाला गच्चीचं विचारा आणि फोन काढून १३१ अंशांवर काय दिसतं ते बघून घ्या, मग पैसे खर्च करा. महिनाभरासाठीच येणार असाल तर कुणाकडून तरी उसना मिळतो का बघा. आमचा संच आम्ही सांगोल्याला नेणार नाही. उपचार संपले की डिश, स्टँड आणि कॅन काकूंच्या ओळखीनं पुढच्या कुटुंबाला देऊन जायचं ठरलंय, क्लॅम्पवर ५८ ची खूण मी पांढऱ्या ऑइल पेंटनं आत्ताच करून ठेवली आहे. बॉक्स तेवढा अण्णा सोडायला तयार नाहीत. बागेतल्या शेडवर लावायचा म्हणतात.